बिडाच्या बुलेटचं कॉम्प्रेशन किती ठेवावं? साध्या पेट्रोलवर, घाटात, मे महिन्यात

प्रश्न कोरेगावच्या एका पोराचा आहे. 1994 ची बुलेट 350, बिडाचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, तो नुकताच अर्धा मिमी मोठा केलेला. लेथवाला म्हणतो, "हेडला 2 मिमीचा कट मारू, कॉम्प्रेशन 10 वर जाईल, गाडी रॉकेट होईल." हेड म्हणजे बोअरवरचं झाकण, ते कापलं की पिस्टनवरची जागा कमी होते. पेट्रोल पंपावरचं साधं. वर्षातून दोन-तीनदा कोकणात जाणं, मागं बायको आणि बॅग. "तर काका, 10 ठेवू का 9?"

गड्या, 10 नाही आणि 9 पण नाही. 8 ला थांब. साताऱ्यात बोअर-पिस्टनची कामं करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यात जास्त कॉम्प्रेशननं खाल्लेले पिस्टन मी एवढे बघितलेत की एक पत्र्याचा डबा भरून ठेवलाय. नवीन पोरगं आलं की त्याच्यापुढं तो डबा ओततो, मगच चहा सांगतो.

पहिल्यांदा लेथवाल्याचं गणित तपासू, कारण ते चुकलंय. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन खाली असताना वर असलेली सगळी जागा, भागिले पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा. तुझ्या बुलेटचा मूळ बोअर 70 मिमी रुंद आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 90. आता बोअर 70.5 झाला, म्हणजे पिस्टन एका फेरीत साधारण 351 सीसी जागा झाडतो. कंपनीचा रेशो 7.25:1, त्या हिशेबानं पिस्टनच्या वर उरणारी जागा 55 सीसीच्या थोडी वर येते. नुसता बोअर मारल्यानंच तू 7.25 वरून 7.3 च्या पुढं गेलास, हे कुणी तुला सांगितलं नसेल.

आता 10:1 करायचं तर वर उरायला हवेत फक्त 39 सीसी. म्हणजे 16 सीसीच्या वर जागा बुजवायची. तुझ्या बोअरला 1 मिमी कट म्हणजे 3.9 सीसी, तेही कट पूर्ण बोअरच्या रुंदीवर पडला तर. 2 मिमीनं जातात 7.8 सीसी आणि रेशो येतो 8.4 च्या आसपास. 10 साठी सव्वाचार मिमी कापावं लागेल, आणि तेवढं कापल्यावर हेड हेड राहत नाही. लेथवाला खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. तो कट विकतो, तुला हवाय रेशो. या दोघांच्या मधलं मोजमाप कुणीच केलेलं नाही.

आणि 8:1 ला वर लागतात 50 सीसी. म्हणजे कमी काय करायचं, तर पाच सीसी. चहाच्या पातेल्यात साखर टाकायचा चमचा असतो ना, तेवढी जागा. 9 आणि 10 मध्येही फरक त्याच एका चमच्याचा. म्हणून अंदाजानं कट मारणाऱ्याला मी हात लावू देत नाही.

एका चमच्यावरून एवढं रामायण कशाला, तर पेट्रोलचा स्वभाव बघ. प्लगनं ठिणगी टाकली की आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत जाते. ती पोचायच्या आधी कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप एकदम पेटलं, तर त्याला नॉकिंग म्हणतात. आपल्याकडं कुणी "इंजिन टकटकतंय" म्हणतं, कुणी "खणखणतंय". पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज. बोअर जेवढा मोठा तेवढा आगीला प्रवास जास्त, आणि तुझा 70 मिमीचा बोअर म्हणजे एका प्लगच्या आगीला लांबचा पल्ला. त्यात प्लग एका बाजूला. शिवाय हेड अॅल्युमिनियमचं असलं तरी बोअर बिडाचा. बीड उष्णता धरून ठेवतं, अॅल्युमिनियमसारखी झटकन वाऱ्याला देत नाही. शंभर सीसीच्या गाडीत 50 मिमीचा बोअर असतो, तिथं हेच पेट्रोल सव्वानऊ-साडेनऊला गुमान चालतं.

पेट्रोल या नॉकिंगला किती दाद देत नाही, त्याचं माप ऑक्टेन. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलला बीएस-6 च्या मानकात कमीत कमी 91 ऑक्टेन लागतो, महागड्या पेट्रोलला 95. तुझी बुलेट निघाली तेव्हा साधं पेट्रोल 87 च्या घरातलं होतं. 7.25 हा आकडा त्यासाठी होता, कंपनीला गाडी मंद ठेवायची हौस नव्हती. मधल्या काळात शिसं गेलं, 2000 सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, पण ऑक्टेन उलट वाढला. म्हणून थोडं वर जायला तुला जागा आहे. थोडं.

एक गोष्ट पोरांना फार फसवते. मोबाईलवर अमेरिकेतला एखादा बुवा सांगतो, "मी 93 च्या पेट्रोलवर साडेदहा चालवतो." पोरगं म्हणतं, आपलं 91, त्याचं 93, फरक कितीसा? ऑक्टेन मोजायच्या पद्धती दोन आहेत. दोन्हीत कॉम्प्रेशन चालू इंजिनात कमी-जास्त करता येईल असं एक सिलेंडरचं खास इंजिन वापरतात. पहिल्या पद्धतीत ते 600 आरपीएमला, तुलनेनं थंड हवेवर फिरवतात. त्याला आरओएन म्हणतात, आपले 91 ते हेच. दुसऱ्या पद्धतीत 900 आरपीएम आणि मिश्रण 149 अंशांपर्यंत तापवलेलं. तो एमओएन, आणि आपल्या साध्या पेट्रोलचा तो 81 च धरलेला आहे. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणजे आपलं 91 तिकडच्या पाटीवर 86 होईल, आणि त्या बुवाचं 93 आपल्या हिशेबात 98 च्या आसपास जाईल. शिवाय त्याची गाडी बहुतेक पाण्यानं थंड होणारी. त्याचं ऐकून हेड कापू नकोस.

आता सांग, कुंभार्ली घाटात मे महिन्यात दोघं बसून टॉप गिअरला चढणारी एअर-कूल्ड बुलेट यातल्या कुठल्या परीक्षेला बसते? माझ्या मते दुसऱ्या. म्हणून मी 91 कडं न बघता 81 कडं बघून काम करतो.

कुंभार्लीचं नाव उगीच घेतलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या बुलेटवर मी 9 केलं होतं. मोजून, नीट, ब्युरेट म्हणजे मापाची काचेची नळी लावून. डिसेंबरात यवतेश्वर घाट एका दमात चढायची. महाबळेश्वरला तर काय विचारता. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की लोक उगाच घाबरतात. मे महिन्यात चिपळूणला लग्न निघालं. उतरताना काही नाही. परत येताना दुपारी दोन, मागं मेव्हणा, तो ऐंशी किलोचा, आणि मांडीवर आंब्याची पेटी. तिसऱ्या वळणाला हरभरे वाजायला लागले. मी म्हटलं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा आवाज असेल. सातव्या-आठव्या वळणाला गाडीनं दम सोडला, सायलेन्सरमधून निळा धूर, आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, ऑईल माझ्या पँटवर. हेड काढलं तर पिस्टनची कड एक्झॉस्टच्या बाजूला उंदरानं कुरतडल्यासारखी, वरची रिंग तीन तुकड्यांत. मेव्हणा अजून त्या पेटीचा हिशेब मागतो.

चूक कुठं झाली, ते मला नंतर उमजलं. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. साताऱ्यात हवेचा दाब चिपळूणपेक्षा आठेक टक्क्यांनी कमी, महाबळेश्वरात पंधराएक टक्क्यांनी. आत जाणारी हवाच कमी, म्हणून शेवटचा दाबही कमी. वर नऊची गाडी आठासारखी गरीब वागते. तीच गाडी चिपळूणला किंवा पोलादपूरला उतरली की खरी नऊ होते, आणि तिथूनच चढ सुरू होतो. म्हणजे सगळ्यात जड हवा, सगळ्यात जड ओझं आणि सगळ्यात कडक ऊन एकाच ठिकाणी गाठतं. मी ट्रायल घेतली होती सगळ्यात सोप्या जागी, सोप्या महिन्यात. सांगली-मिरजेची पोरं मला म्हणतात आमच्याकडं घाट नाही. घाट नसेल, पण एप्रिलमधलं चाळीसचं ऊन आणि ट्रॅक्टरच्या मागं तिसऱ्या गिअरला रांगणं आहेच की.

मिळतं काय, ते पण बघ. पुस्तकातल्या सूत्रानं 7.3 वरून 8 ला गेलं तर कार्यक्षमता तीनेक टक्क्यांनी वाढते. 18 हॉर्सपॉवरच्या इंजिनात जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. 10 ला गेलास तरी कागदावर पावणेदोन, आणि नॉकिंग टाळायला टायमिंग मागं घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकावी लागली की त्यातलाही बराचसा परत जातो. शिवाय तुझ्या जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडला खाली रोलर नाही, फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी आहे. नॉकिंगचा प्रत्येक ठोका त्या बुशवर बसतो. आणि किक! 9 च्या पुढं टायमिंग जरा चुकलं तरी किक उलटी येते. माझ्याकडं एक गिऱ्हाईक प्लॅस्टरमध्येच गाडी द्यायला आलं होतं.

कंपनीनं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. नंतरची ट्विनस्पार्क 350 आली, तिचा बोअर-स्ट्रोक तोच, 70 बाय 90. पण बोअर अॅल्युमिनियमचा, प्लग दोन, म्हणजे आगीचा प्रवास निम्मा, आणि ठिणगी इलेक्ट्रॉनिक. एवढं सगळं करून ते थांबले 8.5 ला. मीटिऑरपासूनच्या नव्या इंजिनात 9.5 आहे, पण ते इंजिनच वेगळं, पेट्रोल इंजेक्शनवर. ड्यूक 390 साडेबाराच्या वर चालते, पण तिला चार व्हॉल्व्ह, पाणी आणि कॉम्प्युटर आहे. आता मारुतीच्या गाड्या 12 वर चालतात, तिथं आवाज ऐकायला सेन्सर असतो आणि तो क्षणात टायमिंग मागं घेतो. तुझ्या गाडीत तो सेन्सर म्हणजे तुझे कान, आणि ते हेल्मेटमध्ये.

इथेनॉलचं विचारलं नाहीस, पण सांगतो, कारण ते आपल्याच घरचं आहे. आपल्या जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो, तिथून टाकीत येतो. पंपावर आता 20 टक्के मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर, आणि उडताना ते जास्त उष्णता शोषतं, म्हणून नॉकिंगच्या बाजूनं ते चांगलंच. त्यावर काही पोरं म्हणतात की मग कॉम्प्रेशन वाढवायला हरकत नाही. हरकत अशी की तुझ्या कार्बोरेटरला इथेनॉल आलंय हे माहीत नाही. साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. 20 टक्के मिसळलं की साडेतेराच्या आसपास. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, जुनाच ठेवलास तर गाडी सात-आठ टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर चालते, आणि लीन गाडी तापते. एका हातानं मिळालेला ऑक्टेन दुसऱ्या हातानं गेला. म्हणून मेन जेट एक नंबर मोठा, स्लो स्क्रू पुन्हा लावायचा, आणि रबराच्या नळ्या, ओ-रिंग नव्या.

आणि पावसाळा. इथेनॉल पाणी ओढतं. महाबळेश्वर-पाचगणी बाजूला चार महिने गाडी उभी राहिली, झाकणाची रिंग ढिली असली, की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वर राहतं ऑक्टेन गमावलेलं पेट्रोल. दसऱ्याला गाडी काढून धुऊन हार घातला आणि निघाला घाटात, की तक्रार घेऊन माझ्याकडं. अशा टाकीतलं पेट्रोल उपसून टाकायचं, त्यात नवीन ओतून "मिक्स" करायचं नाही.

महागडं पेट्रोल? 95 वर साडेआठही चालेल एखादवेळ. 100 ऑक्टेनचंही बाजारात आलंय. पण पाटण-कोयनानगरच्या रस्त्यावर रात्री टाकी संपली तर जे मिळेल ते भरावं लागतं, कधी किराणा दुकानातल्या बाटलीतलं सुद्धा. इंजिन त्या बाटलीवर टिकलं पाहिजे. ज्या गाडीला खास पेट्रोल लागतं ती शर्यतीची, तुझी घरची आहे.

आता काम कसं करायचं ते नीट ऐक. हेड काढल्यावर कार्बन खरवडून काढ. वर्षानुवर्षांचा थर दोन सीसी जागा आरामात खातो, आणि दोन सीसीनं 8 चं 8.3 होतं. व्हॉल्व्ह बसवून, प्लग लावून हेड उलटं ठेव. त्यावर भोक पाडलेली अॅक्रिलिकची काच ग्रीस लावून चिकटव, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये असते तशा ब्युरेटनं डिझेल सोड. बुडबुडा राहू द्यायचा नाही. किती सीसी बसलं ते लिहून ठेव. मग पिस्टन वर आणून कडेला ग्रीस भरून तोच प्रकार बोअरवर. हेड, पिस्टनवरची जागा, गॅस्केटची जाडी, या तिघांची बेरीज कर. पिस्टनचा घुमट बोअरच्या वर येत असेल तर तेवढा वजा. हे केल्याशिवाय कुणी रेशो सांगितला तर हो म्हणायचं आणि चहा पिऊन यायचं.

बेरीज 55 निघाली तर पाच सीसी कमी करायचे, म्हणजे सव्वा-दीड मिमीचा हिशेब. तो सगळा हेडातून घेऊ नकोस. आधी गॅस्केट बघ, पातळ मिळतं का. राहिलेलं फेसिंगनं, म्हणजे हेडची सपाट बाजू लेथवर कापून, दोन खेपेत, मध्ये पुन्हा ब्युरेट लावून. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या म्हणजे पुशरॉड, त्यांना खाली अॅडजस्टर आहेत, तेवढं त्यात भरून निघतं. पोरांच्या खेळण्यातली क्ले पिस्टनवर थापून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरव, व्हॉल्व्हचा ठसा उठेल. सगळ्यात पातळ जागी दीड मिमीच्या खाली नको. कट घेतल्यावर हेडातली धारदार कड कानशीनं मोड. ती कड लाल होते आणि प्लगच्या आधी तीच पेटवते. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि दहातले नऊ जण करत नाहीत.

जोडल्यावर कॉम्प्रेशन गेज लाव. अॅक्सिलेटर पूर्ण उघडा, सहा किक, इंजिन कोमट. माझ्या वहीत या इंजिनाला साताऱ्यात 130 पीएसआय ही लक्ष्मणरेषा आहे. साताऱ्यातले 130 चिपळूणला 140 होतात हे लक्षात ठेव. मोठा कॅम (व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणारा) टाकला असेल तर गेज कमी दाखवतं, कारण इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि आलेली हवा थोडी परत जाते. तुझा कॅम कंपनीचाच आहे, म्हणून ते प्रकरण इथं वाढवत नाही.

टायमिंग कंपनीच्या खुणेपेक्षा किंचित मागं ठेव, पुढं अजिबात नको. कॉम्प्रेशन वाढलं की आग आपोआप वेगानं पळते, तिला तेवढा आगाऊ वेळ लागत नाही. पाचशे किलोमीटर हळू चालव. मग एका दुपारी मागं कुणाला तरी बसवून यवतेश्वर घाटात टॉप गिअरला चाळीसनं अॅक्सिलेटर पूर्ण उघड आणि हेल्मेटची काच वर करून ऐक. वर पोचलास की इंजिन तिथंच बंद कर, प्लग काढ. चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे कण किंवा चकचकीत रुपेरी ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे आहेत. काही दिसलं नाही तरी पहिल्यांदा कोकणातून परत येताना घाटात असाच एकदा थांब आणि बघ.

आवाज आलाच, तर घाबरायचं कारण नाही. बोअरखाली अर्ध्या मिमीचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून घाल. रेशो पावानं खाली येतो, पुशरॉड पुन्हा लावायचे, एका दुपारचं काम. तो पत्रा मी तुझ्यासाठी आधीच कापून ठेवतो, येताना जुनं गॅस्केट मापाला घेऊन ये.